सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं : तोंडातल्या बॅक्टेरियांचं नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की बरीच वर्षं रोज एक पाकीट ओढून तुम्ही सिगारेट पूर्ण बंद केली, आता पाच आठवडे झालेत, आणि आधी कधीच हिरड्यांतून रक्त आलं नव्हतं ते आता ब्रश करताना रोज येतंय, मधे एकदा तोंडही आलं होतं, आणि कुणीतरी सांगितलं की धुराने तोंडातले जंतू मरत होते, ते आता वाढलेत. तर हे खरं आहे का, जंतू नॉर्मल कधी होणार, आणि माउथवॉश घ्यायचा की प्रोबायोटिक.

मी हिरड्यांचा डॉक्टर आहे, बरीच वर्षं दाताभोवतीची हिरडी आणि हाड एवढंच बघतोय, आणि हा प्रश्न सिगारेट सोडलेल्या पेशंटकडून इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहावंसं वाटलं. आधी सरळ उत्तर देतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. रक्त येतंय ते सिगारेट सोडल्याने जंतू वाढले म्हणून नाही. जंतू आधीपासून तिथेच होते, कदाचित आत्तापेक्षा वाईट जातीचे होते, पण तुमची हिरडी सिगारेटमुळे त्यांच्यावर नीट रिअ‍ॅक्टच करत नव्हती, ती आता करायला लागलीये. त्यामुळे प्लीज, या रक्ताला घाबरून परत सिगारेट पेटवू नका, असं करणारे लोक मी बघितलेत आणि फार वाईट वाटतं.

आता धुराने जंतू मरतात का? काही मरतात, हो. पण कोणते मरतात ते महत्त्वाचं आहे. माणसाच्या तोंडात मिळून साधारण 700 जातींचे बॅक्टेरिया सापडलेत, एका माणसाच्या तोंडात त्यातल्या शे-दोनशे जाती सहज असतात, आणि जीभ, गाल, दाताचा वरचा भाग, हिरडीच्या आतली फट अशा प्रत्येक जागेची वस्ती वेगळी असते. यातल्या बऱ्याच जातींना ऑक्सिजन लागतो किंवा चालतो, आणि काहींना ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. धुरातली केमिकल्स आणि कार्बन मोनॉक्साइड, हिरडीला कमी झालेला रक्तपुरवठा, हे सगळं मिळून होतं काय की हिरडीच्या फटीतला ऑक्सिजन घटतो, म्हणजे ऑक्सिजनवाल्यांची पंचाईत आणि बिनऑक्सिजनवाल्यांची चंगळ. तोंड काही निर्जंतुक होत नाही, फक्त आतली माणसं बदलतात. उलट तंबाखूच्या पानातच स्वतःचे बॅक्टेरिया असतात, हेही तपासून बघितलेलं आहे.

2016 मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लोकांचा एक मोठा अभ्यास आला, 1204 अमेरिकन प्रौढांनी चूळ भरून दिलेल्या नमुन्यांमधला डीएनए वाचून केलेला. त्यात प्रोटिओबॅक्टेरिया नावाचा जो गट आहे, ज्यात नायसेरियासारखे निरुपद्रवी आणि बरेचसे उपयोगी बॅक्टेरिया येतात, तो कधीच न ओढणाऱ्यांमध्ये साधारण 11.7 टक्के होता आणि ओढणाऱ्यांमध्ये 4.6 टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. कॅप्नोसायटोफागा आणि लेप्टोट्रिकिया हेही घटलेले, आणि स्ट्रेप्टोकॉकस मात्र वाढलेले. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्यांनी ओढणं सोडलं होतं त्यांची वस्ती एकंदरीत कधीच न ओढणाऱ्यांसारखीच दिसत होती. हे वाचून मला स्वतःला फार आनंद झाला होता, कारण पेशंटला ठामपणे सांगता येतं की हे उलटं फिरतं. फक्त त्या अभ्यासात प्रत्येकाचा नमुना एकदाच घेतलेला होता त्यामुळे किती दिवसांत फिरतं हे त्यातून कळत नाही, आणि चुळीचा नमुना म्हणजे मुख्यतः लाळेतले आणि वरवरचे जंतू, हिरडीच्या खोल फटीतले नाहीत. आणि खरी गोम त्या फटीतच आहे.

ती फट म्हणजे काय ते सांगतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये सगळ्यांनाच एक छोटी खाच असते, निरोगी माणसात 1 ते 3 मिलिमीटर. आम्ही एक बारीक, टोकाला गोल, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळी, म्हणजे प्रोब, अलगद त्या खाचेत सोडतो आणि दाताभोवती सहा ठिकाणी मोजतो. न ओढणाऱ्या माणसाला हिरड्यांचा आजार असेल तर बघूनच कळतं, हिरडी लाल, सुजलेली, चमकणारी, प्रोब लावला रे लावला की रक्त. पण वर्षानुवर्षं ओढणाऱ्याचं तोंड उघडलं की हिरडी फिकट, जाड, घट्ट, वरून बघणाऱ्याला वाटेल किती मस्त हिरड्या आहेत, आणि प्रोब सोडला की तो आत जातच राहतो, 4, 5, 6, कधी 7 मिलिमीटर, आणि बाहेर काढला तरी रक्ताचा थेंब नाही. त्या पेशंटला सांगताना अवघड जातं कारण त्याला काही दुखत नसतं, रक्त येत नसतं, आणि एक्स-रेमध्ये हाड अर्धं गेलेलं असतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, लांब काळात हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचं जाळंही सूज आल्यावर जसं वाढायला हवं तसं वाढत नाही, पांढऱ्या पेशी जागेवर येऊन जंतू गिळायचं काम नीट करत नाहीत, म्हणजे आजार आत चालू आणि बाहेर सगळं शांत.

आणि त्या 6-7 मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये, म्हणजे आजाराने खोल झालेल्या खाचेत, ऑक्सिजन जवळपास नसतो, तिथे जे राहतात त्यांची नावं तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळाली असतील, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया, ट्रेपोनेमा डेंटिकोला. 1998 मध्ये सोक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये हजारो नमुने तपासून जंतूंचे रंगांप्रमाणे गट पाडले, त्यात हे तिघं लाल गटात, म्हणजे खोल पॉकेट आणि रक्तस्रावाबरोबर सगळ्यात जास्त सापडणारे. ओढणाऱ्यांमध्ये हे आणि यांच्यासारखे बिनऑक्सिजनवाले जास्त. मायक्रोस्कोपखाली खोल पॉकेटमधला प्लाकचा, म्हणजे दाताला चिकटलेल्या जंतूंच्या थराचा, एक कण पाण्याच्या थेंबात घेऊन बघितला ना, तर स्प्रिंगसारखे वळवळणारे, इकडून तिकडे सुळकन जाणारे स्पायरोकीट्स दिसतात, ट्रेपोनेमा त्यातलाच, सगळं फील्ड हलत असतं. त्याच माणसाचं पॉकेट साफ करून, हिरडी बसून, काही महिन्यांनी तिथलाच कण बघितला तर बरेचसे गोल गोल, एका जागी शांत बसलेले बॅक्टेरिया. ज्यांना शक्य आहे त्यांना मी हे दोन्ही दाखवतो, माझ्या दहा मिनिटांच्या लेक्चरपेक्षा ते जास्त पोचतं.

अजून एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते. दात घासून स्वच्छ केल्यावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रोटीनचा पातळ थर त्यावर बसतो आणि मग बॅक्टेरिया येऊन चिकटतात, आणि यात क्रम असतो. आधी साधे स्ट्रेप्टोकॉकस, अ‍ॅक्टिनोमायसिस वगैरे येतात, ते हिरडीशी बऱ्यापैकी जुळवून राहतात, मग फ्युसोबॅक्टेरियम येतो जो सगळ्यांना एकमेकांशी जोडतो, आणि थर बरेच दिवस तसाच राहिला, जाड झाला, तर शेवटी ते लाल गटवाले. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका ग्रुपने स्वच्छ केलेल्या दातांवर पहिल्या सात दिवसांत काय काय येतं ते बघितलं, 2011 मध्ये आलेला अभ्यास आहे, आणि ओढणाऱ्यांमध्ये हा क्रमच बिघडलेला दिसला, रोग करणारे जंतू पहिल्याच दिवसांत येऊन बसतात. म्हणजे तुम्ही कितीही मन लावून ब्रश केला तरी ओढत असेपर्यंत प्रत्येक वेळी नवीन वस्ती चुकीच्या लोकांपासून सुरू होते. सिगारेट सोडल्याचा फायदा इथे आहे, पुढची प्रत्येक वस्ती बरोबर सुरू व्हायला लागते. जमीन बदलली की तण बदलतं, तसं.

आता तुमच्या रक्ताकडे. सिगारेट बंद केल्यावर हिरडीतला रक्तप्रवाह काही दिवसांतच सुधारायला लागतो, हे मोजलेलं आहे. आणि 2003 मध्ये ब्रिटनमधून एक छोटा पण माझ्या मते फार कामाचा अभ्यास आला, सिगारेट सोडणाऱ्या लोकांच्या हिरड्या सोडायच्या आधी आणि 4 ते 6 आठवड्यांनी तपासल्या, तर प्रोब लावल्यावर रक्त येणाऱ्या जागा 16 टक्क्यांवरून 32 टक्के झाल्या, म्हणजे दुप्पट, आणि त्यांची दातांची स्वच्छता तर आधीपेक्षा सुधारली होती. तुमचे पाच आठवडे बरोबर त्यात बसतात. म्हणजे शरीराची सूज आणण्याची, पेशी पाठवण्याची ताकद परत येतेय, आणि समोर जो जुना प्लाक आणि कीटण, म्हणजे दगडासारखा कडक झालेला प्लाक, आहे त्यावर ती तुटून पडतेय.

पण म्हणून "मग चांगलंच आहे, येऊ दे रक्त" असं करू नका, हे मला खास सांगायचंय, कारण बऱ्याच ठिकाणी लोक अर्धं वाचून एवढंच घेतात. हिरडीला सूज आली की त्या खाचेत जो द्रव पाझरतो तो प्रोटीनने भरलेला, आणि रक्तातून मिळणारं लोह पॉर्फिरोमोनाससारख्यांना हवंच असतं, त्यांचं जेवण आहे ते. म्हणजे पॉकेट खोल असेल आणि आत कीटण असेल तर नुसती सिगारेट सोडून ते जंतू जात नाहीत, त्यांना ऑक्सिजन नसलेली जागा पण आहे आणि खायला पण आहे. ब्रश हिरडीच्या खाली जेमतेम मिलिमीटरभर पोचतो. 6 मिलिमीटर खोल दाताच्या मुळाला चिकटलेलं कीटण हातानेच, म्हणजे डॉक्टरने इन्स्ट्रुमेंटने, काढावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. हिरडीचा आजार असलेल्या ओढणाऱ्यांचं असं खोलातलं कीटण काढून, म्हणजे डीप क्लीनिंग करून, सोबत सिगारेट सोडायला मदत करून, वर्षभराने काय झालं असे अभ्यास ओहायोमध्येही झाले आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसलमध्येही. ज्यांनी खरंच सोडली त्यांच्या पॉकेटमधली वस्ती निरोगी माणसाच्या दिशेने सरकली आणि ज्यांनी चालू ठेवली त्यांची क्लीनिंग करूनही फारशी नाही सरकली, आणि न्यूकॅसलवाल्या अभ्यासात सोडणाऱ्यांचे पॉकेट जास्त भरून आले. दोन्ही गोष्टी लागतात. एकट्या क्लीनिंगचा ओढणाऱ्यांमध्ये पाहिजे तसा रिझल्ट येत नाही हे मी रोज बघतो, आणि नुसती सिगारेट सोडून खोल पॉकेट भरलेलं मी बघितलेलं नाही.

मग नॉर्मल कधी? एक तारीख नाही, जागेप्रमाणे वेगळं. लाळ, जीभ, गाल इथलं वातावरण लवकर बदलतं, कार्बन मोनॉक्साइड दिवसा-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो, तोंडाचा तो विशिष्ट वास आणि चव काही आठवड्यांत सुधारते. खोल पॉकेटमधली वस्ती महिन्यांमध्ये बदलते, तेही साफ केलं तर. आणि आजाराचा धोका वर्षांमध्ये उतरतो, अमेरिकेत मोठ्या सर्व्हेवरून 2000 मध्ये जे छापून आलं त्यात चालू ओढणाऱ्यांना हिरड्यांचा मोठा आजार असण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या साधारण चौपट होती, सोडून दोन वर्षं झालेल्यांची अजूनही न ओढणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त, आणि 11 वर्षं झालेल्यांची जवळपास न ओढणाऱ्यांइतकी. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, पण जे आहे ते टिकतं, आणि पन्नाशीत स्वतःचे दात टिकणं ही छोटी गोष्ट नाहीये.

आता माउथवॉश. इथे मी जरा कडक बोलणार. रक्त दिसलं की लोक जाऊन क्लोरहेक्सिडिन किंवा अल्कोहोलवालं कडक माउथवॉश आणतात आणि महिनोन्‌महिने दिवसातून दोनदा चूळ भरत बसतात. क्लोरहेक्सिडिन चांगलं औषध आहे, आम्ही सर्जरीनंतर किंवा डीप क्लीनिंगनंतर आठवडा-दोन आठवडे देतो. पण ते खोल पॉकेटमध्ये पोचत नाही, दातांवर तपकिरी डाग पाडतं, चव बिघडवतं, आणि मुख्य म्हणजे जे बॅक्टेरिया तुमच्या तोंडात आत्ता कुठे परत येतायत त्यांनाच मारतं. नायसेरिया, रोथिया हे जिभेवरचे बॅक्टेरिया पालेभाज्या, बीट यातलं नायट्रेट घेऊन त्याचं नायट्राइट करतात, ते गिळल्यावर शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैल राहायला, बीपी आटोक्यात राहायला मदत होते. माणसाच्या स्वतःच्या पेशींना हे पहिलं काम नीट जमत नाही, ते या बॅक्टेरियांवरच सोपवलेलं आहे. ओढणाऱ्यांमध्ये हे बॅक्टेरिया आधीच कमी असतात, वर तुम्ही कडक माउथवॉश मारत राहिलात तर त्यांना पाय रोवायलाच मिळत नाही. त्यामुळे डॉक्टरने ठराविक दिवसांसाठी दिलं असेल तरच घ्या. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, आणि दातांच्या मधल्या फटींसाठी तुमच्या फटीत बसेल त्या साइजचा इंटरडेंटल ब्रश, एवढं पुरतं. रक्त येतंय म्हणून ती जागा सोडून ब्रश करू नका, उलट तिथेच हलक्या हाताने जास्त वेळ द्या, नुसती वरची सूज असेल तर दोनेक आठवड्यांत रक्त बऱ्यापैकी कमी होतं. नाहीच झालं तर ते खोलातलं आहे असं समजा.

प्रोबायोटिकच्या गोळ्यांवर खर्च करा असं मी सांगत नाही. बाहेरून सोडलेले बॅक्टेरिया तोंडात बहुतेक टिकत नाहीत, गोळी बंद की तेही गेले. स्वतःहून अँटिबायोटिक तर अजिबात नको, प्लाकच्या थरात औषध नीट शिरत नाही आणि चांगल्यांचं नुकसान मात्र होतं.

तोंड आलं होतं ते पण सोडण्याशी संबंधित आहे, साधारण पाचातल्या दोघांना सोडल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत असं होतं आणि बहुतेकांचं महिन्याभरात बसतं. धुरामुळे तोंडाची आतली त्वचा जाड, टणक झालेली असते, ती परत मऊ होताना असं होत असावं असं मानतात. खूप तिखट आणि गरम काही दिवस टाळा. पण एकच जखम, एकाच जागी, तीन आठवड्यांच्या वर राहिली, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, कडक गाठ लागली, तोंड उघडायला त्रास व्हायला लागला, तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा. बरीच वर्षं ओढलेल्या माणसाने याबाबतीत "बघू, जाईल" करायचं नाही.

अजून एक धोका सोडल्यानंतर येतो त्याबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे गोड. तलफ आली की तोंडात चॉकलेट, गोळी, गोड चहा, दिवसातून दहा-बारा वेळा. साखर मिळाली की स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे बॅक्टेरिया अ‍ॅसिड करतात, तोंडाचा पीएच 5.5 च्या खाली गेला की दाताचं इनॅमल विरघळायला लागतं, आणि पूर्ववत यायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, म्हणजे दर तासाला काहीतरी गोड चघळलं तर दात जवळपास अर्धा दिवस अ‍ॅसिडमध्ये. हिरड्या वाचवून दात किडवले असं व्हायला नको. तलफेसाठी बिनसाखरेचं, झायलिटॉलवालं च्युइंगगम ठेवा, लाळही सुटते.

व्हेपवर जाऊ नका. 2020 मध्ये त्याच ओहायोवाल्या ग्रुपने ई-सिगारेटवाल्यांच्या हिरडीखालचे नमुने तपासले, वरून निरोगी दिसणारे तरुण होते, तरी आतली वस्ती आजारी माणसासारखी व्हायला लागलेली होती. तंबाखू चघळणं म्हणजे तर सोडणं नव्हेच. पण निकोटिनचं गम, पॅच किंवा लोझेंज डॉक्टरने दिलं असेल तर ते हिरड्यांच्या भीतीने बंद करू नका, त्यात धूर नाही, जळण्यातून येणारी शेकडो केमिकल्स नाहीत, आणि त्याच्या आधाराने तुम्ही सिगारेटपासून लांब राहत असाल तर हिरड्यांचा फायदाच आहे. फक्त गम एकाच गालात दाबून ठेवत असाल तर बाजू बदलत राहा, एकाच जागी हुळहुळतं.

या महिन्यात एकदा हिरड्यांच्या डॉक्टरकडे जा आणि नुसतं "स्केलिंग करून द्या" म्हणू नका, प्रत्येक दाताभोवती सहा जागी पॉकेट मोजून चार्ट करून मागा आणि पूर्ण तोंडाचे एक्स-रे. किती सिगारेट, किती वर्षं, कधी सोडली ते नीट सांगा, कारण 2018 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आजाराची ग्रेड, म्हणजे तो किती वेगाने वाढेल याचा अंदाज (ए सगळ्यात हळू, सी सगळ्यात वेगात), ठरवताना सिगारेटचा थेट हिशोब आहे, दिवसाला 10 पेक्षा कमी असेल तर किमान बी आणि 10 किंवा जास्त असेल तर सी, आणि त्यावरून किती जवळजवळ बोलवायचं ते ठरतं. डीप क्लीनिंग झालं तर दीड-तीन महिन्यांनी परत तोच चार्ट करून दोन्ही शेजारी ठेवून बघा. 6 चे 4 झाले, रक्ताच्या जागा घटल्या, म्हणजे आतली वस्ती बदलतेय, त्यासाठी वेगळी महागडी बॅक्टेरियाची टेस्ट करायची काही गरज नाही. तेव्हाही 5-6 मिलिमीटरच्या जागा राहिल्या आणि रक्त येत असेल तर त्या जागांचं पुन्हा क्लीनिंग किंवा छोटी सर्जरी असं पुढे ठरतं, आणि सिगारेट बंद असल्यामुळे त्या सर्जरीची जखमही चांगली भरते, हे आत्तापासून डोक्यात असू द्या.